नव्या स्प्रिंगांची टकटक आणि वागळे इस्टेटातलं एक गॅरेज

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाई असणाऱ्यांना पुढचं वाचायला नको. मागच्या स्प्रिंगा नव्या टाकल्यावर गाडी टकटक वाजायला लागली असेल, तर कोणी शॉकअप (गाडीची उसळी थोपवणारी तेलाची नळकांडी) बदला म्हणालं म्हणून लगेच पाकीट काढू नका. ठाण्याच्या वागळे इस्टेटात, रोड नंबर २२ च्या अंगाला, फक्त सस्पेन्शनचं काम करणारं एक गॅरेज आहे. माझ्या गाडीची टकटक तिथे फूटभर रबरी पाइपाच्या दोन तुकड्यांनी थांबली. मजुरीसकट १,४०० रुपये. पाचपैकी चार गुण देते. एक का कापला ते खाली येईलच.

नाव लिहीत नाही, कारण मालकांनीच नको म्हटलं. "ताई, आधीच गाड्या लावायला जागा नाही. तुम्ही लिहाल आणि माझं भांडण लागेल शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याशी." त्या भागातल्या कुठल्याही टायरवाल्याला 'स्प्रिंगवाले दादा कुठे' म्हणून विचारलंत तर तो हात करून दाखवेल. मलाही असंच सापडलं.

मी कासारवडवलीला राहते, घरून केक करते आणि पोचवतेही स्वतःच. दोन थरांचा केक बाइकवाल्या मुलाच्या पाठीवरच्या बॅगेत घालून पाठवायची माझी छाती नाही. ऑर्डरी बहुतेक नौपाडा, पाचपाखाडी, कधीमधी मुलुंड. म्हणजे रोजचा रस्ता घोडबंदर. मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून त्या रस्त्यावर काय चाललंय ते ठाणेकरांना मी काय सांगणार. गाडी २०१६ची पेट्रोल हॅचबॅक, २०२२ साली तिला सीएनजी किट बसवलं. ६० लिटरची टाकी डिकीत. हे ६० लिटर पाण्याच्या मापाचे असतात, गॅस त्यात आठ-नऊ किलोच मावतो. पण लोखंडी टाकी, ब्रॅकेट सगळं धरून साठेक किलो वजन मागच्या चाकांवर जे बसतं ते कायमचं. डिकी गेली, त्यामुळे केकचे डबे मागच्या सीटपुढे पायाशी ठेवते. सीटवर ठेवत नाही, सीट मागे उतरती असते आणि उतरत्या जागेवर फ्रेश क्रीमचा केक नौपाड्यापर्यंत सरळ उभा राहत नाही. बटरक्रीम एकवेळ सोसतं. फ्रेश क्रीम एका खड्ड्यात कडेला सरकतं, आणि मग गिऱ्हाईक फोटो काढून पाठवतं.

टाकी बसवल्यापासून गाडीचं बूड खाली गेलं होतं. सोसायटीच्या उतारावर मडफ्लॅप घासायचा. रात्री समोरचे लोक डिपर मारायचे, कारण मागून बसलेल्या गाडीचे हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. शेवटी एका ॲक्सेसरीवाल्याकडे गेले. कोणाकडे ते जाऊ दे. त्याने पहिल्यांदा स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये ठोकायचा रबरी बफर दाखवला. पारदर्शक, जाडजूड, "मॅडम, गाडी दीड इंच वर येईल." येते ना वर, पण कशी? बफर ज्या दोन वेढ्यांमध्ये बसतो तिथे स्प्रिंगचं काम थांबतं. उरलेल्या वेढ्यांनी सगळा झटका झेलायचा. बूड वर दिसतं आणि गाडी आतून लाकडाची होते. केकवाल्या बाईला हे परवडत नाही. मी नाही म्हटलं. मग त्याने जाड तारेच्या जास्त भार घेणाऱ्या स्प्रिंगांची जोडी टाकली, ४,२०० रुपये. गाडी खरंच सरळ उभी राहिली, डिपर बंद झाले. ह्या स्प्रिंगांबद्दल आजही माझी तक्रार नाही.

पण आवाज! स्पीडब्रेकर चढताना नाही, उतरल्यावर, बूड वर येताना: टक्. कधी उजवीकडून, कधी दोन्हीकडून. आणि गंमत म्हणजे गाडी रिकामी असली की जास्त. मागे तीन माणसं बसली की गप्प. ॲक्सेसरीवाला म्हणाला, नवीन आहे, बसेल. बसलं नाही. मग म्हणाला, शॉकअप गेले असतील, दोन्ही बदलू, सहा हजारांच्या आत होईल. भरल्या गाडीत गप्प आणि रिकाम्यात वाजणारा शॉकअप मला काही पटेना. गळका शॉकअप तेलाने ओला दिसतो. माझे दोन्ही कोरडे होते आणि मागून दाबून सोडलं की गाडी एका उसळीत थांबत होती.

आता वागळे इस्टेट.

मालक पन्नाशीचे असतील, जुन्नरकडचे. हाताखाली दोन पोरं. गाडी आत घेतली आणि मला वाटलं आता जॅक लागणार. ते मागचं दार उघडून आत बसले. "तुम्ही चालवा. मी मागे बसतो. रोज चालवता तशीच चालवा, माझ्यासाठी हळू नको." त्या रस्त्यावर कारखान्यांच्या फाटकांसमोर जागोजागी उंचवटे आहेत, त्यांच्यावरून गेलो. पहिल्या फेरीत त्यांचा हात टाकीच्या ब्रॅकेटवर होता. मग गाडी थांबवून सीटच्या पाठीचं कुलूप एका फडक्याने घट्ट केलं, पार्सल ट्रे काढून माझ्या शेजारी टाकला, जॅक आणि पाना बाहेर काढला. पुन्हा फेरी. आवाज होताच. "बरं झालं," म्हणाले. सीएनजीच्या गाड्यांत अर्ध्या वेळा टाकीचे बोल्ट ढिले असतात किंवा जॅक वाजत असतो आणि लोक स्प्रिंगांना शिव्या देतात, असं त्यांचं म्हणणं. हे सगळं होईपर्यंत त्यांनी एकही पाना लावला नव्हता, एक रुपयाही सांगितला नव्हता. माझ्या मनात चार गुणांतले दोन तिथेच पडले.

मग गाडी लिफ्टवर गेली आणि त्यांनी खिशातून खडू काढला. शाळेतला, पांढरा. पाण्यात बुडवून खालून दुसऱ्या वेढ्याच्या अंगाला चांगला जाड फासला. दोन्ही बाजूंना. वाळू दिला, गाडी खाली, पुन्हा एक फेरी, पुन्हा वर. मला हाक मारून बॅटरीच्या उजेडात दाखवलं: दुसऱ्या वेढ्यावरचा खडू बोटभर लांबीत पुसलेला, आणि त्याच्या बरोबर खाली, शेवटच्या वेढ्याच्या काळ्या रंगावर, पांढरा ठसा. ठशाच्या मधोमध रंग उडून लोखंड चकचकीत झालेलं. नखाने घासून बघा म्हणाले. घासलं. गुळगुळीत.

"हे दोन राउंड एकमेकांना टाळी देतात. नाहीतर तुमच्या गाडीला काही झालेलं नाही."

कारण असं: स्प्रिंगच्या टोकाचे वेढे एकमेकांजवळ असतात, मधले लांब. भार पडला की टोकाचे आधी मिटतात, मग मधले काम करू लागतात. जास्त भाराच्या ह्या स्प्रिंगांत टोकाकडचं अंतर आणखी कमी. गाडी भरलेली असली की ते वेढे मिटलेलेच राहतात, मग वाजणार काय? रिकामी असली की स्पीडब्रेकरवर मिटतात आणि बूड वर आलं की सुटतात. लोखंडावर लोखंड. तीन माणसं बसली की गप्प का, ह्याचं उत्तर मला तिथे मिळालं. जो माणूस मला शॉकअप विकत होता त्याने हा प्रश्न ऐकला होता, पण त्यावर विचार केला नव्हता.

दादांनी पुढे विचारलं, "जुन्या स्प्रिंगा कुठे आहेत?" त्या मी आणल्या होत्या. भंगारात चांगले पैसे येतात म्हणून ॲक्सेसरीवाल्याने ठेवून घ्यायचा प्रयत्न केला होता, पण माझ्या सासूबाईंनी लावलेली शिस्त आहे, बदललेला भाग घरी आणायचा. गॅलरीत पडल्या होत्या, त्या दिवशी गाडीत टाकल्या होत्या. जुन्या स्प्रिंगच्या खालच्या बाजूला एका वेढ्यावर काळं प्लॅस्टिकचं नळकांडं होतं. मी इतके दिवस त्याला कसलं तरी पॅकिंग समजत होते. कंपनीनेच बसवलेलं असतं ते, ह्याच टाळीसाठी. बऱ्याच गाड्यांच्या स्प्रिंगांवर येतं. बाहेरची स्प्रिंग घेतली की ती नुसती येते, आणि जुन्यावरचं काढून नव्यावर चढवायचं किंवा नवं घालायचं काम बसवणाऱ्याने करायचं असतं. माझ्या जुन्यावरचं दादांनी वाकवून बघितलं तर कट्कन तुटलं. कडक झालं होतं.

इथून पुढे मी तासभर स्टुलावर बसून बघत होते, त्यामुळे सविस्तर लिहिते. ज्यांना रस नाही त्यांनी पैशांच्या परिच्छेदावर उडी मारावी.

बहुतेक हॅचबॅकमध्ये मागची स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी असते. एका आडव्या बीमवर बसते, वर गाडीच्या अंगाला टेकते. त्यामुळे पुढच्यासारखा स्प्रिंग दाबायचा शिकंजा लागत नाही. दोन्ही बाजूंच्या शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे, बीमला जॅकचा आधार देऊन हळूहळू खाली सोडायची, स्प्रिंग हाताने निघते. ह्यात एकच मेख आहे. बीम खाली जाताना ब्रेकचा होज (तेलाची रबरी नळी) आणि एबीएसची, म्हणजे ब्रेकच्या सेन्सरची, वायर ताणली जाते. दादांनी दोन्हींच्या क्लिपा आधी सोडल्या आणि पोराला तिथे हात धरून उभं केलं. "बीम लटकली पाहिजे जॅकवर. होजवर लटकली तर आज काही दिसत नाही, घाटात दिसतं." पोरगा मान हलवत होता. त्याने हे वाक्य बऱ्याचदा ऐकलं असणार.

स्प्रिंग बाहेर आली, ब्रशने घासली, हवा मारली. जिथे रंग उडून लोखंड उघडं पडलं होतं तिथे रेड ऑक्साइड (गंज रोखणारा लाल रंग), वाळल्यावर काळा रंग. ह्याला वेळ गेला. मी म्हटलं, वर पाइपच चढणार आहे ना, रंग कशाला? तर पाइपाच्या आत पाणी आणि चिखल शिरतोच, शिरला की निघत नाही, आणि पाइपाखालचा गंज बाहेरून दिसत नाही. स्प्रिंग मोडते तेव्हा बहुधा ह्या टोकाच्या वेढ्यातच मोडते. पाइप घालून आवाज दाबला आणि आतून स्प्रिंग खाल्ली जाऊ दिली, तर आपण सहा महिन्यांची शांतता विकत घेतली एवढंच. हे त्यांनी असं बोलून नाही दाखवलं; एक मोडकी स्प्रिंग कोपऱ्यातून आणून माझ्यापुढे ठेवली. तिच्यावर हिरव्या बागेच्या पाइपाचा तुकडा अजून होता. मोडलेल्या जागी गंजाचा पापुद्रा.

बागेचा पाइप बरेच जण वापरतात. उभा चिरून वेढ्यावर चढवायचा, प्लॅस्टिकचा टाय मारायचा, झालं. पाच मिनिटांचं काम, बीम खाली उतरवायचीही गरज नाही. पण तो पीव्हीसीचा, उन्हातान्हात कडक होतो, चिरलेल्या बाजूने उघडतो आणि फाटका तुकडा फिरत फिरत भलत्या वेढ्यावर जाऊन बसतो. दादा इंधनाच्या लाइनला लागतो तो काळा रबरी होज वापरतात, आत दोऱ्याचं विणकाम असलेला, अर्ध्या इंचाचा. आधी व्हर्नियरने तार मोजली, १२ मिमीच्या आसपास भरली. सैल पाइप तारेवर गोल फिरतो आणि स्वतःच आवाज करतो. फार घट्ट असला तर चढत नाही. तुकडा न चिरता चढवायचा. कासार बांगडी भरताना हाताला साबण लावतो तसा त्यांनी तारेला साबणाचं पाणी लावलं आणि पाइप पिळत पिळत टोकावरून आत घेतला. ग्रीस नाही. ग्रीस वाळत नाही, पाइप सरकत राहतो, वर धूळ धरतो. साबणाचं पाणी वाळलं की पाइप तारेला धरून बसतो. शेवटच्या वेढ्यावरून पुढे ढकलत ढकलत, खडू पुसला होता नेमक्या त्या जागेवर आणून थांबवला. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जास्त. वरच्या तोंडाला आणि खालच्या तोंडाला एकेक टाय, त्यांच्या गाठी बाहेरच्या अंगाला, वेढ्यांच्या मध्ये येणार नाहीत अशा. खालचं तोंड मोकळं, पाणी वाहून जायला.

मी लोभाने म्हटलं, दादा, सगळ्याच वेढ्यांवर चढवा ना, पैसे घ्या जास्तीचे. ते हसले. पाइपाची जाडी ४ मिमी. वेढ्याच्या वर ४, खाली ४, म्हणजे एका वेढ्यामागे ८ मिमी जागा रबराने खाल्ली. तीन वेढे झाकले तर २४ मिमी, जवळजवळ एक इंच. दबायची तेवढी जागा कमी झाल्यावर स्प्रिंग लवकरच पूर्ण मिटणार आणि पुढचा खड्डा थेट बॉडीला. म्हणजे तो बफर नको म्हणून इतका आटापिटा केला आणि तोच मागच्या दाराने आत घेतला असता. टोकाचा वेढा जिथे खालच्या रबरी सीटमध्ये बसतो तिथेही पाइप नको. स्प्रिंगच्या टोकाला सीटमध्ये एक खाच असते, टोक त्या खाचेला टेकलं पाहिजे. पाइपामुळे ते वर उचललं गेलं तर स्प्रिंग तिरकी बसते आणि मग नवीनच आवाज. माझ्या डाव्या बाजूचं टोक त्या खाचेपासून दोन बोटं लांब बसवलेलं निघालं. म्हणजे आवाजाला थोडा हातभार तिथूनही होता. दादांनी ॲक्सेसरीवाल्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, फक्त टोकावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं.

बीम वर, शॉकअपचे बोल्ट लावले पण आवळले नाहीत. गाडी खाली घेतली, चाकांवर वजन आलं, मग पोरगा गोणपाट अंथरून आडवा झाला आणि टॉर्क पान्याने आवळले. चाकं हवेत लटकत असताना आवळले तर बोल्टभोवतीच्या बुशचं रबर त्याच अवस्थेत पकडलं जातं, गाडी खाली आली की पिळवटतं आणि लवकर फाटतं. ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली, आणि ॲक्सेसरीवाल्याने गाडी लिफ्टवर असतानाच मशिनने टरटर आवळलेलं मला लख्ख आठवत होतं.

व्हील अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांची दिशा जुळवायचे, पैसे मात्र वाचले. मी स्वतःहून विचारलं होतं. मागची बीम एकसंध, तिच्यात फिरवायला काही नाही, पुढच्या कशालाही हात लावलेला नाही, मग अलाइनमेंट कसली? त्याऐवजी त्यांनी संध्याकाळी भिंतीसमोर गाडी उभी करून हेडलाइट बघितले. बूड वर आल्यामुळे उजेड आता जरा जास्तच खाली पडत होता, तो किंचित वर घेतला. हे ॲक्सेसरीवाल्याकडे कोणाला सुचलं नव्हतं.

हिशेब: १,४०० रुपये, त्यात पाइप, टाय, रंग आणि मजुरी. त्यातले दोनशे पाइपाचे लावले, ते मला जास्त वाटले, बाजारात एवढ्या तुकड्याचे इतके होत नाहीत. पण घासाघीस केली नाही.

फरक कसा पडला? घोडबंदरच्या पुलांवर सांधे असतात ना, वाघबीळ, पातलीपाडा, मानपाडा, ओळीने. रिकाम्या गाडीत प्रत्येक सांध्याला मागून टक् व्हायचं. परतताना काच वर करून, एसी आणि रेडिओ बंद करून ऐकलं. चाकांचा धप् असा आवाज येतो, तो रस्त्याचा. टक् गेलं. अगदी मोठ्या खड्ड्यात मागून कधीतरी जाड, दबका आवाज येतो, वेढा रबरावर टेकल्याचा. तो राहणारच असं दादांनी आधीच सांगितलं होतं, आणि चालवणाऱ्यालाच कळतो. पाइपाने गाडी मऊ होत नाही हेही सांगायला हवं. नव्या स्प्रिंगा जाड आहेत, रिकाम्या गाडीत ताठ लागतात आणि लागणार. ज्यांना वाटतं पाइप घालून गादी मिळेल त्यांनी पैसे वाचवावेत. गणपतीतल्या चॉकलेट मोदकांच्या ऑर्डरी, नवरात्रातला एक दोन थरांचा केक, सगळं धड पोचलं. पण ते स्प्रिंगांमुळे आणि माझ्या हळू चालवण्यामुळे. पाइपामुळे फक्त माझं डोकं शांत राहिलं.

पावसाळा सरल्यावर दाखवायला या म्हणाले होते, गेले. गाडी उचलून बघितली, डाव्या बाजूचा एक टाय तुटलेला होता, पाइप जागेवर. नवा टाय लावला, हवा मारून आतली माती काढली, पैसे घेतले नाहीत. दर पावसाळ्यानंतर एवढं करायचं, आणि पाइप फुगलेला किंवा फाटलेला दिसला तर बदलायचा. रबर आहे, जन्मभर टिकणार नाही.

आता कापलेला गुण. वेळ. "दोन तासांत देतो" म्हटलेलं काम अंधार पडेपर्यंत चाललं. रंग वाळायला लागलेला वेळ समजू शकते, पण मध्ये एक टेम्पोवाला आला आणि माझी गाडी उघडी सोडून त्याचं काम आधी झालं. टेम्पोवाला रोजचं गिऱ्हाईक, मी नवीन. फोन करून सांगितलं असतं तर मी त्या दिवशीची ऑर्डर रिक्षाने पाठवली असती. छापील बिल नाही, वहीतला कागद फाडून देतात. बायकांसाठी टॉयलेट नाही. आणि त्यांच्या पोराने सुरुवातीला मला विचारलं, "मॅडम, साहेबांचा नंबर द्या, त्यांना समजावतो." दादांनी तिथल्या तिथे त्याला झापलं, "गाडी कोण चालवतंय? मग?" तरीही लिहिते, कारण हा प्रश्न ठाण्यातल्या प्रत्येक गॅरेजात येतो आणि कोणीतरी लिहायला हवं.

पुढच्या बाजूसाठी जाणार असाल तर अंदाज वेगळा धरा. पुढे स्प्रिंग शॉकअपभोवतीच बसवलेली असते, शिकंजा लावून स्प्रिंग आवळल्याशिवाय वरचा नट सोडता येत नाही. सोडला तर स्प्रिंग गोळीसारखी सुटते, ते काम घरी करायचं नाहीच. शिवाय उभ्या उभ्या स्टिअरिंग वळवताना 'टंग' असा आवाज येत असेल तर बहुधा वरचं बेअरिंग अडकतंय, पाइपाचा तिथे काही उपयोग नाही. दादा पुढच्या एका बाजूचे १,८०० रुपये मजुरी सांगतात, सामान वेगळं, आणि त्यानंतर अलाइनमेंट करावंच लागतं.

रविवारी बंद. सकाळी दहाच्या आधी पोचलात तर गाडी लगेच आत जाते, अकरानंतर टेम्पोंची रांग असते. जुन्या स्प्रिंगा बरोबर न्या, डिकी रिकामी करून जा. यूपीआय चालतं.